संयम नाही म्हणून शुगर? राहू द्या!

गिरणगावकर: काल इथे एका डाएटवाल्याने ज्ञान पाजळलं: "मार्शमेलो समोर असून जी पोरं थांबली ती आयुष्यात पुढे गेली. आपल्या लोकांना स्टेशनबाहेर वडापाव दिसला की राहवत नाही, मग शुगर होणारच." डोकंच फिरलं. मानसशास्त्रज्ञ मिशेलचा तो प्रयोग (मार्शमेलो म्हणजे मऊ गोड मिठाई; आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन) अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत झाला. तिथे कोणाची पोरं असणार? 2018 मध्ये 900 च्या वर मुलांवर परत तपासलं तर थांबणं आणि पुढची प्रगती यांचा संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती वगैरे धरली तर त्यातलाही एक तृतीयांशच उरला. बारा तासांची शिफ्ट करून सुटलेल्याने काय ओट्स भिजवायचे?

सौ_मुलुंड: उरला ना? शून्य नाही झाला. सिगारेट ओढणारे उद्याचे जास्त पैसे सोडून आजचे कमी उचलतात, हे बिकेल नावाच्या संशोधकाने 1999 मध्येच दाखवलंय. आमचे दीर बँकेत ऑफिसर. "सोमवारपासून सोडतो" म्हणता म्हणता दोन स्टेंट बसले. इथे कुठली गरिबी?

गिरणगावकर: त्याच पेपरात सिगारेट सोडलेले लोक कधीच न ओढणाऱ्यांसारखे निघाले. ते सोयीस्कर गाळलंत.

सौ_मुलुंड: ज्यांच्यात मुळात धीर, त्यांनाच सुटली असेल!

परळचा_पक्या: धीर आम्हाला शिकवू नका. चाळीतल्या बायका भिशीत वीस-वीस महिने नंबराची वाट बघतात.

सौ_मुलुंड: भिशी?? आमच्या भिशीवाल्या काकू माझा नंबर यायच्या आधी गावी गेल्या त्या गेल्याच.

परळचा_पक्या: म्हणून सगळ्या चोर का? आईच्या भिशीवर माझी आयटीआयची फी भरली. तोंड सांभाळा.

गिरणगावकर: ताई, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत! 2013 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला एका प्रयोगात काही पोरांना चित्रकलेचं चांगलं सामान आणतो सांगून आणलंच नाही. ती मार्शमेलोसमोर सरासरी 3 मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला, ती 12. एकदा फसलेल्याने थांबायचं कशाला?

हिशेबनीस: आणि लिलावाची भिशी, जिथे कमी रकमेवर राजी होणाऱ्याला आधी पैसे मिळतात? 50,000 ची भिशी 42,000 ला उचलणारा उतावळा का? मी उचललीय, वडिलांच्या अँजिओग्राफीसाठी. तुमच्या प्रयोगात मी नापासच.

सौ_मुलुंड: वडिलांचं मान्य, बाबा. रोज दोन वडापाव म्हणजे अँजिओग्राफी नव्हे.

परळचा_पक्या: वडापाव राहू द्या, काकूंचं गाव सांगा. कोकणातलं असेल तर आपली माणसं आहेत तिकडे.