मदत हवी आहे: आईची झोपेची गोळी (अल्प्राझोलाम ०.५) कशी सोडवावी?

नमस्कार. आई ७२ वर्षांची, साताऱ्याला एकटी राहते. बाबा गेल्यावर तिची झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी अल्प्राझोलाम ०.५ लिहून दिली होती. ती वर्षानुवर्षं चालूच आहे. औषध शेड्यूल एच-१ मधलं (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची सरकारी यादी), पाकिटावर लाल चौकटीत इशारा. पण मेडिकलवाला ओळखीचा, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरही मिळत राहतं.

परवा तिच्याकडे राहायला गेले आणि जिवाला घोर लागला. पहाटे बाथरूमला उठली ती भिंत चाचपत, पाय ओढत. उंबऱ्याशी तोल गेला, मी धरलं म्हणून वाचली. सकाळी उशिरापर्यंत गुंगीत असते. आमटीत दोनदा मीठ पडतं, दूधवाल्याचे पैसे दिले की नाही ते आठवत नाही. शेजारी म्हणतात, वय झालं. मला मात्र या गोळीचीच शंका येते. उतारवयात शरीर हे औषध सावकाश बाहेर टाकतं, त्यामुळे तोल जाणं, पडून खुब्याचं हाड मोडणं, विसराळूपणा हे सगळे धोके वाढतात.

त्यात गुडघ्यांसाठी हाडाच्या डॉक्टरांनी नुकतंच ट्रामाडॉल (अफूच्या गटातलं वेदनाशामक) दिलं होतं. झोपेच्या गोळीचं आईने त्यांना सांगितलंच नाही. तिच्या लेखी ते औषधच नव्हे! या दोन्हींनी मिळून श्वास मंदावू शकतो, जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१६ मध्ये अशा जोडीबद्दल आपला सर्वांत कडक इशारा दिला. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ट्रामाडॉल थांबवलं.

भाऊ म्हणतो, "उद्यापासून गोळी देऊच नकोस." मी ठाम नाही म्हटलंय. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर घबराट, कंप, अगदी फिट्सही येऊ शकतात.

कुणाच्या घरी हे झालंय का? फॅमिली डॉक्टर पुरेसे आहेत की मानसोपचारतज्ज्ञ हवेत? आईचं एकच पालुपद, "मला काय वेड लागलंय?" तिला कसं समजवावं?

प्रतिसाद

ताई, भावाला अडवलंत ते फार बरं केलंत. माझ्या वडिलांचं असंच होतं. मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्या, आणि "झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊ" म्हणा. आमच्याकडे तेवढ्यावर काम झालं. डोस साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के असा उतरवतात. वडिलांना मध्येच अस्वस्थ वाटायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी डोस काही दिवस तिथेच ठेवला. घाई अजिबात केली नाही. स्वतःच्या मनाने गोळ्या कापू नका. पाकिटावर एसआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर मुळीच नाही.

सध्या कोडीनचं (तेही ट्रामाडॉलच्याच गटातलं) खोकल्याचं औषध किंवा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या घरात ठेवू नका. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा असू द्या. कधी हाक मारूनही जाग येईना, श्वास संथ वाटला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

धागाकर्ती

खूप आभार. पाकिटावर एसआर नाही, आत्ताच फोनवर वाचून घेतलं. डॉक्टरांकडे जाताना तिची सगळी औषधं पिशवीत घालून नेते, बीपीचीसुद्धा. साताऱ्यात चांगले मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा.