प्रतिसाद: आधी मोहीम, मग कॅम्प
आंतरराष्ट्रीय स्काउट मेळाव्यात आधी सगळ्यांचा एकत्र कॅम्प ठेवावा की छोट्या गटांच्या मोहिमा, असं विचारलंय, तर माझं मत स्पष्ट आहे, आधी मोहिमाच! २०१७ ला आइसलँडच्या वर्ल्ड स्काउट मूटमध्ये (१८ ते २६ वयोगटातल्या स्काउट्सचा जागतिक मेळावा) असंच केलं होतं, सुरवातीचे दिवस वेगवेगळ्या देशांच्या मुलामुलींची मिश्र पेट्रोल्स (म्हणजे स्काउट्सचे छोटे गट) देशभर पांगली आणि मग सगळे उल्फ्लियोट्सवाटनच्या स्काउट केंद्रावर एकत्र कॅम्पला आले. एका देशाची मुलं एकत्र ठेवलीत तर ती आपसातच बोलत बसतात हो. पण भिजलेला तंबू चौघांनी मिळून पिळला आणि एकाच स्टोव्हवर भात शिजायची वाट बघितली की भाषा आड येत नाही, मग कॅम्पवर ओळख करून द्यावी लागत नाही.

स्टोव्हवरून आठवलं, गॅस कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तेव्हा इंधन यजमानांनीच द्यायचं आणि कुठल्या प्रकारचं ते सगळ्यांना आधीच कळवायचं, नाहीतर स्टोव्ह एक नि कॅनिस्टर भलताच.

आणि कृपा करून वेळ पडली तर कॅम्पची जागा रिकामी करायचा प्लॅन पहिल्याच मीटिंगला घ्या. २०२३ ला कोरियात सेमानगुमच्या जांबोरीत (स्काउट्सचा मोठा जागतिक मेळावा) समुद्र हटवून केलेली सपाट जमीन, सावली जवळपास नाहीच, उन्हाने मुलं आजारी पडली आणि वर वादळ येतंय म्हणून हजारोंना बसने हलवावं लागलं. बस कुठून येणार, मुलं झोपणार कुठे, हे आत्ताच लिहून ठेवा.