बाबा झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. हे नुसतं वय आहे का?

प्रश्न
बाबा ७४ वर्षांचे. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. अलीकडे पहाटे झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. परवा आईच्या खांद्यावर जोरात हात बसला. हाक मारली की लगेच भानावर येतात आणि कोणीतरी अंगावर धावून आलं होतं म्हणून सांगतात. जन्मात कुणावर हात न उगारलेला माणूस, त्यामुळे आईला लागलं हे त्यांच्या फार जिव्हारी लागलंय. नातेवाईक म्हणतात, म्हातारपणी मन हळवं होतं. मला ते पटत नाही.

प्रतिसाद : निवृत्त परिचारिका
ताई, पटवून घेऊही नका. वृद्धांच्या वॉर्डात मी वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आहे. दुःस्वप्न म्हटलं की सगळे मनाकडे बोट दाखवतात, शरीराकडे कोणी बघत नाही.

आधी साखर. पुन्हा असं झालं की तिथल्या तिथे ग्लुकोमीटरने तपासा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर रात्री ७० च्या खाली गेली की घामाने अंग भिजू शकतं आणि भयंकर स्वप्नं पडू शकतात.

साखर ठीक निघाली तर दुसरी शंका. स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे झपाट्याने हलतात त्या झोपेत, पडतात आणि ही झोप पहाटेकडे जास्त असते. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ कुलूपबंद ठेवतो. ते कुलूप सैल झालं की स्वप्नातली झटापट अंथरुणात होते. १९८६ साली अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. नाव रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर. बाबांना वास नीट येतो का, बद्धकोष्ठता आहे का, चाल मंदावली आहे का, हे विचारा. घोरत असतील तर तेही सांगा, श्वास अडकण्यानेही अशी झटापट होते.

प्रतिसाद : दुसरे वाचक
रक्तदाबाच्या गोळीचं नाव बघा. माझ्या आईची स्वप्नं मेटोप्रोलॉलमुळे होती, डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर थांबली. मात्र ही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, हृदयाला धोका होतो.

प्रश्नकर्ती
साखर १३० च्या आसपास होती, घाम नव्हता. गोळी अम्लोडिपिन आहे. घोरत नाहीत. पण वास येत नाही म्हणाले, कित्येक वर्षांपासून! आम्हाला कधी बोललेच नाहीत.

परिचारिका
मग न्यूरॉलॉजिस्टकडेच जा. स्पष्टच सांगते : हा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स (कंपवात) किंवा स्मृतिभ्रंशाचा एखादा प्रकार होतो, आणि वास जाणं ही त्याची आधीची खूण असू शकते. म्हणून आजपासून नियमित तपासणीत राहायचं. खात्रीसाठी रात्रभराची झोपतपासणी, म्हणजे पॉलिसॉम्नोग्राफी, करतात. मोबाइलवर एका रात्रीचं चित्रण करून न्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. नैराश्याची गोळी चालू असेल तर जरूर सांगा, काही गोळ्यांनी हे सुरू होतं किंवा वाढतं. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम या औषधांनी झटापट बरीच आवरते. पण क्लोनाझेपामने म्हातारी माणसं तोल जाऊन पडतात, तेव्हा आधी मेलाटोनिनबद्दल विचारा. तोवर आईंची खाट वेगळी, बाबांचं अंथरूण खाली आणि टोकदार कोपऱ्याचं टेबल खोलीबाहेर. आणि बाबांना सांगा, तो हात त्यांनी उगारलेला नाही.