सद्दाम तोच होता, गरज बदलली

इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन डोईजड झाला म्हणून अमेरिका त्याच्यावर उलटली, हे दादा तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. डोईजड तो आधीपासूनच होता. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे खास दूत रम्सफेल्ड बगदादला जाऊन त्याच्याशी हात मिळवून आले, तेव्हा इराणशी लढाई जुंपलेली होती आणि सद्दाम कामाचा होता. मार्च १९८८ मध्ये इराकमधल्याच हलबजा गावात सद्दामनं सोडलेल्या विषारी वायूनं हजारो कुर्द मेले, तरी मैत्री टिकली. तुटली ती ऑगस्ट १९९० मध्ये, त्यानं कुवेत गिळल्यावर. म्हणजे तेलाला हात लागल्यावर! पनामाचा हुकूमशहा नोरिएगाही सीआयएचे, म्हणजे अमेरिकी गुप्तहेर खात्याचे पैसे खाल्लेला, डिसेंबर १९८९ मध्ये त्याच्यावर फौज घातली ती अमेरिकेनंच.

आपण मराठवाड्यातल्या लोकांनी तरी ह्याचं नवल करू नये. आपल्या निजामाला इंग्रजांचा 'विश्वासू दोस्त' असा किताबच होता, पहिल्या महायुद्धात त्यानं पैसा ओतला होता. १९४७ ला त्यानं भारतापासून वेगळं, स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता मागितली, तर लंडननं कानावर हात ठेवले. उलटले नाहीत, नुसती पाठ फिरवली. १३ सप्टेंबर १९४८ ला आपल्या फौजा शिरल्या, १७ ला कारभार आटोपला. आमच्या आजीच्या संदुकीत चारमिनार छापलेला हाली रुपया, म्हणजे निजामाचं नाणं होतं. आजोबा म्हणायचे, "चांदीचा आहे म्हणून ठेवलाय, त्याचा आहे म्हणून नाही."

गंमत म्हणजे त्याच निजामाला दिल्लीनं पुढं १९५६ पर्यंत राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा राज्याचा प्रमुख म्हणून ठेवून घेतलं. सोयीचा होता ना!