मदत हवी आहे : ग्रामसभेत जीएमविरोधी ठराव मांडायचाय

नमस्कार मंडळी. आजऱ्याजवळच्या आमच्या गावात आम्ही काहीजण घनसाळ भाताचं बियाणं घरचंच राखतो. पुढच्या ग्रामसभेत जीएम (म्हणजे जनुकीय बदल केलेल्या) पिकांविरोधात ठराव मांडायचाय. अडचण अशी की बीटी म्हणजे किडीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं जीएम बियाणं, पण निम्मं गाव पाकिटातल्या कुठल्याही संकरित बियाण्याला ‘बीटी’च म्हणतंय!

बीटी वांग्याला २०१० मध्ये केंद्रानं स्थगिती दिली, जीएम मोहरीवर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, एवढं मी सांगतो. पण परवा एकानं विचारलं, “मग म्हशीला घालतोस ती सरकी पेंड बीटी कापसाचीच की रं?” मी गप्प. (दूध रोज डेअरीला जातंय.)

याला प्रामाणिक उत्तर काय द्यावं? आणि अशा ठरावाचा मराठी नमुना कुणाकडं आहे का?