मदत हवी आहे: लेकीच्या पायांवर लाल ठिपके, प्लेटलेट्स ३८ हजार

मुलगी ६ वर्षांची. पंधरा दिवसांपूर्वी सर्दी-ताप येऊन गेला. परवा आंघोळ घालताना नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. सासूबाई म्हणाल्या, घामोळं असेल. पण खाज नाही, आणि काचेचा ग्लास दाबून पाहिला तरी ठिपके फिके पडेनात. शिवाय कुठे न धडपडता पाठीवर काळेनिळे डाग! तशीच दवाखान्यात नेली. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) प्लेटलेट्स ३८ हजार (किमान दीड लाख हव्यात), बाकी पेशी ठीक, डेंगी निगेटिव्ह. डॉक्टरांना आयटीपीची (शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेट्स नष्ट करते, तो आजार) शंका आहे. औषध नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. आयबुप्रोफेन (ताप-दुखीवरचं औषध) आणि सायकल बंद. नाकातलं रक्त थांबेना किंवा डोकं खूप दुखलं तर लगेच या, म्हणाले.

कुणाच्या मुलांना असं झालंय का? प्लेटलेट्स वर यायला किती दिवस लागले? शाळेत पाठवलंत? रक्तविकारतज्ज्ञांना आत्ताच दाखवावं का? पपईच्या पानांचा रस मात्र कृपया सुचवू नका, तो सल्ला घरातच चार जणांनी दिलाय.