मुलाखतीला बोलावण्यापूर्वी कंपनीने उमेदवाराला काय कळवले पाहिजे?

मूळ मुद्दा (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

माझ्या धाकट्या भावाने आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. दिवाळीनंतर बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने त्याला मुलाखतीसाठी बोलावले. व्हॉट्सॲपवरील निरोपात पत्ता, सकाळी नऊची वेळ आणि मूळ कागदपत्रे सोबत आणण्याची सूचना एवढेच होते. लेखी चाचणी, मग वर्कशॉपमधील प्रात्यक्षिक आणि शेवटी तोंडी मुलाखत असे तीन टप्पे असल्याचे त्याला फाटकावर गेल्यावर कळले.

चाचणीबद्दल माझी तक्रार नाही. हातात व्हर्नियर कॅलिपर देऊन एका शाफ्टचा व्यास मोजायला सांगितला, 0.02 मिलिमीटरपर्यंतचे माप त्याने बरोबर वाचले आणि परीक्षकांनी त्याला तिथेच शाबासकी दिली. मात्र दिवस मावळताना झालेल्या तोंडी मुलाखतीत, नेमणूक कंपनीकडे नसून ठेकेदाराकडे आहे, राहण्याची सोय स्वतःच करायची आहे आणि सांगितलेल्या पगारातून कपाती वेगळ्या होणार आहेत, हे सारे त्याच्यापुढे एकदम ठेवले गेले. त्यानंतर 'कळवतो' असे सांगितले, आणि आजतागायत काहीही कळवलेले नाही. त्या भरवशावर त्याने दुसऱ्या ठिकाणची संधी सोडली. नेमणूक कोणाकडे, हातात पगार किती आणि निकाल केव्हा, हे बोलावतानाच लेखी कळवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर 1 (नागपूर, कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाचा अनुभव)

दादा, आपल्या भावाला उत्तर न मिळणे चुकीचेच आहे. तरीही आपली मागणी जशीच्या तशी मला मान्य नाही. भरतीच्या दिवशी बोलावलेल्यांपैकी बरेच जण येत नाहीत, आलेल्यांतील काही जण निवड होऊनही रुजू होत नाहीत, आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत तर रुजू झालेली मुलेही गावी परततात. त्यामुळे प्रतीक्षा यादीतील मुलांना लगेच नकार कळवला, तर आठ दिवसांनी त्यांनाच पुन्हा बोलावणे कठीण होते. पगाराचेही तसेच आहे. प्रात्यक्षिकात मुलाचे काम पाहिल्याशिवाय त्याला कोणत्या श्रेणीत घ्यायचे हे ठरत नाही, मग आधी आकडा कसा द्यायचा?

उत्तर 2 (दारव्हा, आयटीआय निदेशक)

ताई, नेमका आकडा देता येत नसेल, तरी किमान आणि कमाल पगार सांगता येतो आणि कपातींचा हिशेबही देता येतो. उदाहरणार्थ, कपाती महिन्याच्या 15,000 रुपये पगारावर मोजल्या, तर त्यांतून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये आणि कर्मचारी राज्य विम्याचे 0.75 टक्के म्हणजे सुमारे 113 रुपये जातात. राहतात 13,087. यातून खोलीभाडे आणि मेसचे पैसे वजा केल्यावर घरी काय पाठवता येईल, याचा विचार मुलाने गावातून निघण्यापूर्वी करायला हवा. पीएफचा पैसा त्याच्याच खात्यात जमा होतो, हेही त्याला सांगितले पाहिजे, कारण कपात म्हणजे फसवणूक असा समज आमच्या मुलांमध्ये फार आहे.

आणखी एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. पुष्कळ बोलावणी प्रत्यक्षात 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील असतात. त्या कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्याला पगार नव्हे तर विद्यावेतन मिळते आणि मुदत संपल्यावर त्याला कामावर ठेवण्याचे बंधन सर्वसाधारणपणे मालकावर नसते. निरोपात मात्र 'जॉब' एवढाच शब्द असतो. घरचे लोक नोकरी लागली म्हणून पेढे वाटतात आणि वर्षभराने मुलगा परत येतो, तेव्हा गावात दोष त्याच्या माथी मारला जातो.

उत्तर 3 (पांढरकवडा, पदविकाधारक उमेदवार)

मुलींच्या बाजूनेही विचार व्हावा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने भाड्याचा भार हलका झाला आहे, पण मुलाखत संध्याकाळपर्यंत लांबली की गावाकडची शेवटची गाडी निघून जाते. किती वाजता मोकळे करणार हे आधी कळले, तर वडिलांना सोबत न्यायचे की नाही हे ठरवता येते. न्यायचे म्हटले की त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

उत्तर 4 (उत्तर 1 देणाऱ्यांकडून)

सर, शिकाऊ उमेदवारीचा स्पष्ट उल्लेख झालाच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि लांबच्या गावांतील मुलींच्या मुलाखती सकाळीच घेणेही शक्य आहे. ठेकेदाराचे नाव आधी द्यायला मात्र माझा विरोध आहे. नाव कळले की मध्यस्थ गावोगावी फिरून 'मी लावून देतो' असे सांगत मुलांकडून पैसे उकळतात. हे मी जवळून पाहिले आहे.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याकडून

ताई, नाव लपवल्याने मध्यस्थ थांबत नाहीत; माहिती नसलेला मुलगाच त्यांच्या हाती आधी लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे, म्हणजे मालकाचे नाव शेवटी कागदावर येणारच आहे. ते आधी देऊन त्याच निरोपात 'या भरतीसाठी कोणालाही पैसे देऊ नयेत' अशी ओळ घालता येईल. प्रतीक्षा यादीची आपली अडचण मला पटते. तेव्हा नकार कळवू नका, पण 'आपण प्रतीक्षा यादीत आहात, अमुक तारखेपर्यंत बोलावणे आले नाही तर आपण मोकळे आहात' एवढे कळवायला कंपनीची काय हरकत असावी?